रुआँचं कॅथेड्रल : मोनेचा दगड नेमका कुठल्या रंगाचा?

चुनखडी

क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराच्या रुआँ कॅथेड्रल मालिकेतल्या (एकाच चर्चचा दर्शनी भाग, वेगवेगळ्या उजेडात) एखाद्या चित्राची तैलरंगात नक्कल करून शिकायचं म्हटलं की दोनच गोष्टी हाताशी येतात. एक तर राखाडी चिखल, नाहीतर वाढदिवसाच्या केकसारखं गुलाबी-निळं आयसिंग. मूळ चित्रांत दगड दगडच वाटतो, पण त्यात दगडाचा रंग शोधायला गेलं तर सापडत नाही. हे कसं जमतं यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा.

तीन प्रश्न. (१) दगडाचा मूळ रंग कुठला धरायचा? (२) मोनेच्या पॅलेटवर नक्की काय होतं आणि आज त्याऐवजी काय घ्यायचं? (३) ते खरबरीत, गिलाव्यासारखे थर कसे चढवायचे?

कृपया 'मनापासून रंगवा' छापाची उत्तरं नकोत.

---

तैलधार

आधी पार्श्वभूमी, कारण तंत्र तिथूनच निघतं.

मोनेनं रुआँमध्ये १८९२ आणि १८९३ अशा दोन वर्षी, फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास काम केलं. चित्रं तिशीच्या घरात आहेत. जागा कॅथेड्रलसमोरच्या घरांतल्या खोल्या. त्यातली एक बायकांच्या कपड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावरची. पण बहुतेक चित्रांवर तारीख ९४ ची आहे, कारण ती त्यानं जिव्हर्नीच्या स्टुडिओत पूर्ण केली. मे १८९५ मध्ये पॅरिसला द्युराँ-र्‍यूएल या चित्रविक्रेत्याच्या दालनात त्यातली २० मांडली.

म्हणजे 'दृक्प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट) चित्र एका बैठकीत, झरझर' हा समज इथे सोडून द्या. जागेवर पाहिलेला उजेड आणि त्यावर स्टुडिओत महिनोन्महिने चढवलेले थर, असा हा प्रकार आहे. एका बैठकीत नक्कल करायला गेलात तर आयसिंगच होणार. सुकलेल्या थरावरून ओढलेला रंग आणि ओल्यात मिसळलेला रंग यांची जात वेगळी.

---

पिवडी

प्रश्न १ बद्दल. रुआँचा दगड सीनच्या खोर्‍यातला, खडूच्या जातीचा फिकट चुनखडक. ढगाळ दिवशी मळकट पांढरा. असा दगड स्वतः फार बोलत नाही, समोरून जे येईल ते परत करतो. म्हणून 'दगडाचा रंग' ठरवून त्यात पांढरा मिसळला की उजेड आणि काळा मिसळला की सावली, हा हिशेबच चुकीचा. रंग ठरवायचा तो त्या क्षणी दगडावर पडणार्‍या उजेडाचा.

दिशा लक्षात घ्या. मोनेनं रंगवलेला दर्शनी भाग पश्चिमेकडचा आहे. त्यामुळे,

सकाळी सूर्य इमारतीच्या मागे. सगळा दर्शनी भाग सावलीत, त्यावर फक्त आकाशाचा निळा उजेड आणि वर धुकं. पॅरिसच्या ओर्से संग्रहालयातलं 'निळी संगती' हे याच वेळेचं.

दुपार कलायला लागली की ऊन उजवीकडून, दक्षिणेकडून, भिंतीला घासून येतं. बाहेर आलेला प्रत्येक कोपरा उजळतो आणि त्याच्या डावीकडे सावली पडते. 'निळी आणि सोनेरी संगती' या पूर्ण उन्हाच्या चित्रात कोरीव काम सर्वांत जास्त जाणवतं ते यामुळे. मूर्ती मात्र तिथेही एकही रंगवलेली नाही.

संध्याकाळी ऊन समोरून, नारिंगी. पण समोरच्या घरांची सावली खालून वर चढत जाते. पॅरिसच्या मार्मोताँ संग्रहालयातल्या 'दिवसाचा शेवट' या चित्रात खालचा भाग निळसर आणि वरचा पेटलेला आहे तो त्या घरांमुळे, आणि बहुधा त्यातल्याच एका घरात चित्रकार उभा होता.

नक्कल करायला घेतलेलं चित्र यांतल्या कुठल्या वेळेचं, हे पहिल्यांदा ठरवा. ते न ठरवता रंग काढून बसणं म्हणजे रेसिपी न वाचता फोडणी टाकणं.

---

बोरुबहाद्दर

मोनेला मोतीबिंदू होता, त्यामुळे त्याला रंगच तसे दिसायचे असं वाचलंय. मग नकलेला काय अर्थ?

---

तैलधार

@बोरुबहाद्दर, कालखंडाची गल्लत आहे. मोतीबिंदूचं निदान १९१२ चं, शस्त्रक्रिया १९२३ ची. रुआँची चित्रं त्याच्या २० वर्षं आधीची. तो मुद्दा कमळतळ्याच्या शेवटच्या काही चित्रांना आणि जपानी पुलाच्या लालभडक चित्रांना लावा.

---

मंजिष्ठा

प्रश्न २. पॅलेटचा पुरावा आहे. १९०५ च्या पत्रात मोनेनं स्वतः यादी दिली : शिशाचा पांढरा, कॅडमियम पिवळा, व्हर्मिलियन, गडद मॅडर, कोबाल्ट निळा, 'व्हेर एमरोद' हिरवा. बस, एवढंच. यादी रुआँनंतर दहा वर्षांची आहे, पण या मालिकेची नक्कल करायला पुरते. काळा नाही, तपकिरी मातीचे रंग नाहीत.

आता आज काय घ्यायचं ते.

पांढरा : शिशाचा पांढरा विषारी आणि मिळायला कठीण. टायटॅनियम घ्या, पण तो दुप्पट दांडगा आहे हे लक्षात ठेवा. जुन्या पाककृतीत 'पांढरा भरपूर' म्हटलं असेल तिथे टायटॅनियम निम्म्यानं सुरू करा, नाहीतर सगळं खडूसारखं आणि थंड होतं. निव्वळ झिंक व्हाइट जाड थराला वापरू नका. वर्षं गेली की त्याचा थर ठिसूळ होतो आणि तडकतो.

निळा : कोबाल्टच. ट्यूबच्या पाठीवर पीबी २८ हा रंगद्रव्याचा क्रमांक छापलेला असलं पाहिजे. नावापुढे 'ह्यू' असेल तर आत बहुधा अल्ट्रामरीन आणि पांढरा असतो. त्याच्या सावल्या नको तितक्या जांभळट होतात.

हिरवा : इथे भाषेचा सापळा आहे. फ्रेंच 'व्हेर एमरोद' म्हणजे आपल्याकडे व्हिरिडियन नावानं मिळणारा पीजी १८. इंग्रजीतला 'एमराल्ड ग्रीन' हा तांबं आणि आर्सेनिकचा वेगळाच विषारी रंग होता. आज त्या नावाच्या ट्यूबमध्ये काहीही असू शकतं.

व्हर्मिलियन म्हणजे हिंगूळ, पार्‍याचा. त्याऐवजी कॅडमियम लाल, फिकटातला.

मॅडर : आपल्या मंजिष्ठेच्या कुळातल्याच मुळाचा रंग. (आयडी तिथूनच उचलला आहे, कबूल.) खरा मॅडर उजेडात उडतो आणि अलिझरीन क्रिमझन, म्हणजे पीआर ८३, त्याहून लवकर उडतो. पीव्ही १९ किंवा पीआर १७७ घ्या.

पिवळा : कॅडमियम, मधला. लेमन नको.

---

खडूफळा

प्रमाणं सांगा की राव, सगळे रंग सांगून सोडून देऊ नका.

---

मंजिष्ठा

पूर्ण उन्हाच्या चित्रासाठी, टायटॅनियम धरून, ढोबळ भाग असे :

उन्हातला दगड : पांढरा २०, पिवळा १, मॅडर अगदी सुईच्या टोकाएवढा.
सावलीतला दगड : पांढरा ६, कोबाल्ट २, मॅडर १, पिवळा चिमूटभर. हा पिवळा विसरलात तर सावली प्लास्टिकसारखी दिसते.
दाराच्या खोबणी : इथे बहुतेक जण तपकिरी काळा लावतात. मूळ पाहा, आत नारिंगी धग आहे. कारण साधं आहे. उन्हात तापलेल्या चौकाचा आणि समोरच्या कमानीचा परतलेला उजेड आत शिरतो, एका बाजूवरून दुसर्‍या बाजूवर आपटतो आणि प्रत्येक आपटीला अधिक उबदार होतो. लाल २, पिवळा २, मॅडर १, कोबाल्ट १, पांढरा १ पासून सुरू करा आणि नारिंगी-निळ्याचा तोल डोळ्यानं साधा.
आकाश : पांढरा ८, कोबाल्ट २, व्हिरिडियन पाव.

सगळं एकदम ढवळून एकजीव करू नका. चाकूनं तीनचार वेळा उलटवा आणि थांबा. ब्रशवर रंगाच्या रेघा वेगळ्या राहिल्या पाहिजेत.

---

पिवडी

वरच्या प्रमाणांइतकंच महत्त्वाचं, टोनची, म्हणजे गडद-फिकटपणाची पट्टी. १ म्हणजे काळा आणि १० म्हणजे पांढरा धरा. पूर्ण उन्हाच्या चित्रात उजेड ७ ते ९, सावली ५ ते ६, दाराची पोकळी ३ ते ४. तीनच्या खाली काहीच नाही. ढगाळ दिवसाच्या चित्रात सगळा खेळ साडेचार ते सातमध्ये संपतो. तिथे पडछाया नाहीत, उजेड वरून सगळीकडून येतो, म्हणून वर तोंड केलेल्या कडा फिकट आणि खोबणी गडद, एवढंच.

केक होतो तो इथे. लोक टोनचं अंतर वाढवून आकार उठावदार करतात आणि मग रंग फक्त शोभेला उरतो. मोने टोन जवळजवळ ठेवतो आणि आकार उबदार-थंड फरकावर उभा करतो. तपासायची युक्ती : नकलेचा फोटो मोबाइलवर कृष्णधवल करा. इमारत ठसठशीत दिसली तर चुकलंय. धुरकट, अर्धवट विरघळलेली दिसली तर बरोबर मार्गावर आहात.

---

जुनी चौकट

प्रश्न ३, थर.

मूळ मापं सुमारे १०० × ६५ सेंमी. फ्रान्समध्ये तयार कॅनव्हासची ठरलेली मापं असत, त्यात '४० मरीन' म्हणजे १०० × ६५. समुद्राच्या देखाव्यासाठीचा आडवा आकार. मोनेनं अनेकदा तोच उभा केला आहे. नकलेला निम्मं माप पुरे : ५० × ३३.

रंग किती लागेल? क्षेत्रफळ १६५० चौ. सेंमी. सरासरी अर्धा मिलिमीटर थर धरला तरी ८२ मिली. एक मिलिमीटर धरला तर १६५ मिली. यातला ६० ते ७० टक्के पांढरा. म्हणजे ९ मिलीच्या ट्यूबांच्या डब्यात हे चित्र होत नाही. ४० मिलीच्या दोन पांढर्‍या ट्यूबा हाताशी हव्यात. कोबाल्ट १० ते १२ मिली, बाकीचे ५-५.

क्रम :

कॅनव्हासला पांढर्‍या जेसोचे (रंगाखालच्या अस्तराचे) तीन हात. पुट्टीसारखा गुळगुळीत घासू नका, थोडा खरबरीत राहू द्या. रेखाटन टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या कोबाल्टनं. पेन्सिल नको, ग्रॅफाइट फिकट थरांतून मळकट डोकावतं. फक्त उभ्या कडा, दारांच्या टोकदार कमानी आणि वरच्या बुरुजाची हद्द. मूर्तींच्या वाटेला जाऊ नका.

पहिला थर पातळ, तेल न घालता : उजेडाचा एक ठोकळा, सावलीचा एक, दारांचा एक. चारपाच दिवस सुकू द्या. कोबाल्ट लवकर सुकतो, कॅडमियम आणि मॅडर रेंगाळतात, त्यामुळे बोट लावून बघायचं ते दाराच्या नारिंगी भागावर, आकाशावर नाही.

दुसरा थर जाड. आठ नंबरचा चपटा डुकराच्या केसांचा ब्रश, छोटे ठोके, दगडाच्या दिशेनं नाही तर सगळीकडून. आता सुकायला दोन-तीन आठवडे.

तिसरा थर म्हणजे खरी गंमत. रंग टीपकागदावर काढून २०-३० मिनिटं ठेवा, जास्तीचं तेल कागद ओढून घेतो आणि रंग घट्ट, मॅट होतो. रात्रभर ठेवू नका, बांधणारं तेलच निघून गेलं की रंग सुकल्यावर भुकटीसारखा झडतो. हा घट्ट रंग ब्रश आडवा धरून, दाब न देता, सुकलेल्या उंचवट्यांवरून ओढा. तो फक्त माथ्यांवर बसतो, खळग्यांत खालचा थर दिसत राहतो. निळ्यावर पिवळसर, गुलाबीवर निळसर. खाली आणि वर एकच रंग असेल तर हा थर देण्यात काहीच मतलब नाही.

काय बिघडतं : (अ) खालचा थर अर्धवट ओला असताना ओढलं की चिखल. (आ) खाली तेलकट, वर रूक्ष झालं की भेगा. टीपकागदाचा रंग रूक्ष असतो, म्हणून तो अखंड जाड थर म्हणून कधीच नाही, फक्त तुटक. (इ) चाकूनं केलं की कडा चकचकीत आणि सपाट येतात, दगड न वाटता मेण वाटतं.

---

बोरुबहाद्दर

पातळ करायला करडईचं तेल चालेल का? सॅफ्लॉवर ऑइल म्हणून ट्यूबवर लिहिलेलं असतं.

---

जुनी चौकट

स्वयंपाकघरातलं नाही. खाण्याच्या रिफाइंड तेलाचा सुकण्याचा भरवसा नसतो, चित्र महिनोन्महिने चिकट राहतं. आर्टिस्ट ग्रेडचं करडईचं तेल कमी पिवळं पडतं, पण जवसापेक्षा हळू सुकतं आणि थर मऊ राहतो. खालच्या थरांना जवसच.

---

निळावंती

सकाळच्या निळ्या चित्राबद्दल थोडं. तिथे कोबाल्ट + पांढरा सगळीकडे फासला की बर्फाचा डोंगर तयार होतो. मूळ निळं दिसतं खरं, पण त्यात गुलाबी, जांभळट आणि फिकट पिवळे ठोके भरलेले आहेत. शेजारी-शेजारी ठेवलेले रंग एकमेकांना विरुद्ध बाजूला ढकलतात, हे शेव्ह्रल या रसायनशास्त्रज्ञानं १८३९ मध्येच सविस्तर मांडलं होतं. साधा राखाडी निळ्याच्या शेजारी ठेवला की कोमट दिसतो. म्हणून निळ्या चित्रात वरच्या टोकाला ऊन दाखवायला भडक पिवळा लागत नाही, पांढर्‍यात पिवळ्याचा अंश पुरतो. लोक इथेच लेमन यलो मारतात आणि चित्र फाटतं.

धुकं : वरचा पांढरट पापुद्रा लावून धुकं होत नाही. धुक्यात गडद आणि फिकट जवळ येतात. आधी दारांचा टोन ३ वरून ५ वर आणा, मग बघा.

---

खडूफळा

नक्कल कुठल्या फोटोवरून करायची? नेटवर एकच चित्र पाच रंगांत दिसतं.

---

तैलधार

संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा मोठा फोटो, पोस्टरवाल्यांचा नाही. ओर्सेमध्ये मालिकेतली पाच चित्रं आहेत, त्यांतली चार कामाँदो या संग्राहकाकडून आलेली. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत, बोस्टनला, मॉस्कोच्या पुश्किनमध्ये, न्यूयॉर्कच्या मेटमध्ये आणि लॉस एंजेलिसच्या गेटीतही आहेत. रंगांचा अंदाज घ्यायला एकाच संग्रहालयाचे दोन फोटो शेजारी लावा. निदान त्या दोघांतला फरक विश्वासार्ह असतो. एकट्या फोटोवरून 'हा निळा किती निळा' ठरवता येत नाही.

अवांतर : १८९५ मध्ये क्लेमाँसो या राजकारण्यानं वर्तमानपत्रात लिहून ही मालिका सरकारनं अखंड घ्यावी अशी मागणी केली होती. सरकारनं ऐकलं नाही, १९०७ मध्ये एक घेतलं. त्यामुळे आज ही चित्रं जगभर पांगलेली आहेत आणि आपल्याला फोटोंची भांडणं लावावी लागतात.

---

कोकणकडा

व्हॅन गॉगचं ओव्हेरचं चर्चही याच पद्धतीनं करता येईल ना?

---

निळावंती

नाही. ते १८९० चं, दृक्प्रत्ययवादाच्या पुढच्या पिढीचं. तिथे बाह्यरेषा आहे, आकाश जवळजवळ सपाट गडद निळं आहे. उजेड कुठून येतो हा त्या चित्राचा प्रश्नच नाही. सिस्लेची मोरेच्या चर्चची मालिका बघा, १८९३-९४ ची, डझनाहून अधिक चित्रं. संध्याकाळचं पॅरिसच्या पेती पालेत, पावसानंतरचं डेट्रॉइटला. सिस्ले चर्च कोपर्‍यातून दाखवतो, म्हणजे एक बाजू उजेडात, एक सावलीत, वर मोकळं आकाश, खाली रस्ता. शिकणार्‍यानं खरं तर आधी सिस्ले करावा. मोने सरळ समोर उभा राहून सगळे आधार काढून घेतो.

---

कोकणकडा

पटलं. मग शेवटचं : हेच जुन्या गोव्यात, से कॅथेड्रलसमोर बसून करायचं तर काय बदलेल?

---

पिवडी

बरंच.

दिशा उलटी. से कॅथेड्रलचं तोंड पूर्वेला आहे. समोरून ऊन सकाळी, आणि दुपारनंतर दर्शनी भाग सावलीत. म्हणजे रुआँचा 'सकाळचा निळा' इथे दुपारी चारला मिळेल. दक्षिण तुमच्या डावीकडे येते, त्याच बाजूला शिल्लक राहिलेला एकुलता बुरुज आहे (दुसरा १७७६ मध्ये कोसळला). सकाळी दहा-साडेदहाला घासून येणारं ऊन डावीकडून धरा.

सूर्याची उंची. रुआँचा अक्षांश ४९ अंशांच्या पुढे. फेब्रुवारीच्या मध्याला भर दुपारी सूर्य जेमतेम २८ अंशांवर, एप्रिलच्या मध्याला ५० वर. दोन महिन्यांत एवढा फरक पडल्यावर काढलेल्या सावल्या रोज खोट्या ठरणारच. मोनेच्या पत्रांतला वैताग उगीच नव्हता. जुन्या गोव्यात त्याच तारखांना ६२ आणि ८४. एप्रिलमध्ये दुपारी ऊन भिंतीवरून सरळ खाली घसरतं, प्रत्येक कंगोर्‍याखाली छोटी काळी पट्टी पडते आणि बाकी सगळं पांढरंफट्ट. त्या वेळी बसूच नका. डिसेंबर ते फेब्रुवारी, सकाळी आठ ते साडेदहा.

पृष्ठभाग. इथे चुन्याची सफेदी, खडूच्या दगडापेक्षा जास्त परावर्तक. खालच्या तृतीयांशात समोरच्या हिरवळीचा हिरवा आणि मातीचा लालसर उतरतो. सावलीच्या मिश्रणात खाली व्हिरिडियन पाव भाग, वर कोबाल्ट वाढवा. रस्त्यापलीकडचं बॉम जेझू चर्च मात्र निराळं प्रकरण. त्याचा गिलावा काढलेला आहे, उघडा जांभा दगड. तो उजेड गिळतो, त्याची सावली निळी नाही, मॅडरकडे झुकलेली येते. तिथे वरची प्रमाणं वापरू नका.

बैठक एका कॅनव्हासला ३०-४० मिनिटं. तीन कॅनव्हास, तीन वेळा, रोज त्याच क्रमानं. मोनेनं १८९३ मध्ये एका दिवसात १४ कॅनव्हास फिरवल्याचं लिहिलं आहे. ते त्याला लखलाभ.

संदर्भाला फोटो काढणार असाल तर कॅमेर्‍याचा ऑटो व्हाइट बॅलन्स बंद करून ५२००-५५०० केल्विनवर कुलूपबंद करा. ऑटो ठेवलं की कॅमेरा नारिंगी सकाळ आणि निळी दुपार दोन्ही पुसून पांढरी करून देतो. ज्याच्यासाठी बसलात तेच गायब.

पावसाळ्यात उजेड रुआँसारखा मऊ मिळतो, पण जाड तैलरंग त्या दमटपणात सुकायचं नाव घेत नाही आणि कॅनव्हासच्या पाठीला बुरशी धरते. तेव्हा अॅक्रिलिक.

---

चुनखडी

भरपूर मिळालं, आभार. एक राहिलं : वॉर्निश?

---

जुनी चौकट

नको. दृक्प्रत्ययवाद्यांचा कल मॅट पृष्ठभागाकडे होता. पुढे मालकांनी, विक्रेत्यांनी त्यांच्या कित्येक चित्रांना वॉर्निश फासलं, ते पिवळं पडलं आणि निळे हिरवट झाले. जाड थरावर चकाकी आली की प्रत्येक उंचवट्यावर पांढरा ठिपका चमकतो आणि तुम्ही टीपकागदानं कमावलेलं सगळं जातं. धुळीची भीती असेल तर काचेची चौकट, काच रंगापासून सेंटिमीटरभर दूर. टांगताना दिवा वरून तिरका, समोरून नाही. खालच्या कडेला सावली पडली की तुमचे थर पुरेसे जाड आहेत की नाहीत ते लगेच कळेल.